प्लेटवरचा साफ गोल आणि अण्णांच्या पायाची जखम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कळंब तालुक्यातले. अण्णांचं वय ६१, १४ वर्षांपासून शुगर. रानात बाभळीचा काटा तळपायात मोडला, पण पायाला बधिरपणा असल्यानं त्यांना कळलंच नाही. अंगठ्याखाली जखम झाली, ती पाच आठवडे भरत नाही. दोनदा अँटिबायोटिक बदलून झालं. पुवातले जंतू वाढवून केलेल्या कल्चर रिपोर्टवर ‘एमआरएसए’, म्हणजे मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू, असं लिहून आलंय आणि निम्म्या औषधांपुढे ‘आर’ आहे, म्हणजे ती लागू पडत नाहीत. तुमची भाची लातूरला बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करते. तिनं कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये स्टॅफिलोकोकस वाढवलेल्या प्लेटवर लवंग तेलाची कागदी चकती ठेवली. अँटिबायोटिकच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते आणि तेलाच्या चकतीभोवती मात्र २८ मिलिमीटरचा साफ, जंतू न वाढलेला गोल पडला. त्या प्लेटचा फोटो तुम्ही पाठवलात आणि विचारलंत, की जे औषधाला जमलं नाही ते तेलाला जमत असेल तर जखमेत तेल घालायला काय हरकत आहे, आणि दोन-दोन थेंब कोमट पाण्यातून पोटात दिले तर?

दोन्ही करू नका. जखमेतही नको आणि पोटातही नको. आधीच घातलं असेल तर ड्रेसिंग सोडून जखम सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन काढा आणि उद्याच्या उद्या सर्जनना दाखवा.

आता कारणं सांगते. मी २४ वर्षं मराठवाड्यात लॅबमध्ये हेच काम करतेय, रोज पुवाचे, लघवीचे, रक्ताचे नमुने. ‘तेलबिल काही खरं नसतं’ असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. भाचीनं जे पाहिलं ते खरं आहे. फक्त त्या प्लेटचा अर्थ तुम्ही काढलात तसा निघत नाही.

फोटो मोठा करून बघा. जंतू खेटून वाढलेत त्या चकतीवर बारीक अक्षरात ‘पी’ छापलंय. ती पेनिसिलिनची चकती. पेनिसिलिन सरसकट वापरात आलं १९४० च्या दशकात आणि त्याच दशकात त्याला तोडून टाकणारे स्टॅफिलोकोकस दवाखान्यांत सापडू लागले. आज माझ्याकडे येणारे बहुतेक स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनला दाद देत नाहीत, एमआरएसए असोत वा नसोत. म्हणजे तेलाची कुस्ती लावली ती कधीच चीत झालेल्या पैलवानाबरोबर. त्याच प्लेटवर लिनेझोलिड या एमआरएसएवर चालणाऱ्या अँटिबायोटिकची चकती ठेवली असती तर तिच्याभोवतीही छान मोठा गोल दिसण्याची शक्यता भरपूर होती.

आणि चकतीत माल किती आहे, तेही बघायला हवं. लिनेझोलिडच्या चकतीत ३० मायक्रोग्रॅम औषध असतं. भाचीनं चकतीवर १० मायक्रोलिटर तेल सोडलं असेल, तर ते भरतं १० हजार मायक्रोग्रॅमच्याही वर. तीनशे पटींहून जास्त माल टाकून पडलेला गोल आणि ३० मायक्रोग्रॅमचा गोल पट्टीनं मोजून शेजारी शेजारी लिहिता येत नाहीत. त्यात तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे प्लेटमधल्या अगरच्या जेलीत नीट पसरत नाही. उलट हवेत उडतं आणि झाकणाखाली कोंडून वरून काम करतं. हे मी विद्यार्थी असताना प्रत्यक्ष बघितलंय. सकाळी इन्क्युबेटर (जंतू वाढवायची उबदार पेटी) उघडला तर पानाच्या टपरीसारखा लवंगेचा भपकारा आला, आणि त्याच कप्प्यातल्या, ज्यांना तेल लागलंही नव्हतं अशा शेजारच्या प्लेटांवरही वाढ विरळ होती. त्या दिवशी आमच्या मॅडमनी सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला.

तरीही एक गोष्ट तेलाच्या बाजूनं पक्की आहे. पेनिसिलिन आणि त्याची भावंडं जंतूची भिंत बांधणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतात, म्हणजे एका ठरावीक कुलपात बसणारी किल्ली. एमआरएसएनं ते कुलूपच बदललंय. त्याच्याकडे ‘मेक-ए’ नावाचं जनुक असतं, ते वेगळं प्रथिन तयार करतं आणि किल्ली बसतच नाही. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून पहिला एमआरएसए नोंदला गेला. दोन वर्षांत! लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, गवती चहातलं सिट्रल, टी-ट्री नावाच्या झाडाच्या तेलातलं टर्पिनिन-४-ऑल ही सगळी स्निग्धात विरघळणारी द्रव्यं. ती कुलपाच्या भानगडीत पडत नाहीत. थेट जंतूच्या पेशीपटलात घुसतात, पटल ढिलं होतं, आतलं पोटॅशियम आणि ऊर्जेचं भांडार बाहेर गळतं आणि जंतू मरतो. त्यामुळे साधा स्टॅफिलोकोकस आणि एमआरएसए, तेलापुढे दोघं जवळजवळ सारखेच. जगभरातल्या प्रयोगशाळांना या तेलांत रस आहे तो यासाठीच.

पण अण्णांच्या पेशींनाही असंच स्निग्ध पटल असतं. तेल जंतूचं कुलूप बघत नाही, तसं भिंत कुणाची आहे तेही बघत नाही. अँटिबायोटिकची खरी किमया मारण्यात नाही, निवडून मारण्यात आहे. मारायचं काम फिनाईलही करतं.

पोटात घेण्याचा हिशेब तुम्ही स्वतः करून बघा. टी-ट्रीचं उदाहरण घेऊ: ते तेल प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकसची वाढ थांबवतं ते साधारण पाव ते अर्धा टक्का प्रमाणात. पाव टक्का म्हणजे लिटरला अडीच मिलिलिटर, वजनात मिलिलिटरमागे २ हजार मायक्रोग्रॅमच्या वर. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला हेच काम मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणात जमलं, तरच आम्ही रिपोर्टवर ‘एस’, म्हणजे औषध लागू पडतं, असं लिहितो. हजार पटींचा फरक आहे. माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर धरा. नुसत्या रक्तात पाव टक्का प्रमाण गाठायला साडेबारा मिलिलिटर तेल लागेल, तेही सगळंच्या सगळं रक्तात तसंच राहिलं तर. ते राहत नाही. यकृत युजेनॉलला जोड लावून त्याचं निकामी रूप करतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. जे उरतं त्यातलं बरंचसं रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं. तुमचे दोन थेंब पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचेस्तोवर काही उरत नाही. आणि पोहोचवायचंच म्हणून जास्त द्याल तर काय होतं, तेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे: ५ ते १० मिलिलिटर लवंग तेल पोटात गेलेली लहान मुलं बेशुद्ध झाली, यकृत बिघडलं. निलगिरी आणि कापराच्या तेलानं मुलांना झटके येतात. तुमच्या घरात लहान लेकरं आहेत. ती बाटली फडताळात खालच्या कप्प्यात असेल तर हे वाचून झाल्याबरोबर वर ठेवा.

जखमेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण लोक फसतात ते इथंच. वाटतं, पोटात नको पण वरून लावायला काय जातंय?

काही वर्षांपूर्वी परळीकडचा एक ऊसतोड मजूर आमच्याकडे आला होता. टाचेला कोयता लागलेला, त्यालाही शुगर. कुणाच्या तरी सांगण्यावरून बायकोनं आठ दिवस रोज लवंग तेलात भिजवलेली पट्टी बांधली होती. पट्टी सोडली तर जखमेच्या कडा पांढऱ्याफटक, पाण्यात भिजलेल्या कागदासारख्या. ते जंतूंचं काम नव्हतं, तेलानं कातडी भाजली होती. त्याला दुखलं कसं नाही? एक तर शुगरनं नसा बधिर, त्यात युजेनॉल स्वतः बधिर करतं. दातदुखीला लवंग म्हणून तर धरतो आपण. म्हणजे जिथं आधीच धोक्याची घंटा वाजत नाही तिथं आपण तिच्यावर आणखी पोतं टाकलं. पट्टीखालून हिरवट पू निघाला आणि त्याला द्राक्षासारखा गोडसर वास होता. आमच्या लॅबमध्ये त्या वासावरूनच लोक ओळखतात: स्युडोमोनास. या जंतूला बाहेरून एक जादा आवरण असतं, आणि आत शिरलेलं नको ते द्रव्य उपसून बाहेर फेकणारे पंपही असतात. म्हणून बहुतेक सुगंधी तेलांना तो जुमानत नाही. त्या माणसाच्या जखमेत पहिल्या दिवशी कोणता जंतू होता ते मला माहीत नाही. पण आठ दिवसांत कातडी मेली आणि मेलेल्या मांसावर स्युडोमोनासला रान मोकळं मिळालं. त्याचा पाय वाचला. टाचेचा तुकडा गेला.

शिवाय जखम म्हणजे अगरची प्लेट नव्हे. जखमेत पू असतो, रक्त असतं, चरबी असते, मेलेल्या पेशी असतात. तेल या सगळ्याला चिकटतं आणि जंतूंच्या वाट्याला थोडंच येतं. जंतूही एकेकटे बसलेले नसतात. थरावर थर रचून, वरून चिकट आवरण ओढून बसतात. त्याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. ओढ्यातल्या दगडावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो ना, तसा. तो थर खरवडून काढावा लागतो. अँटिबायोटिकसुद्धा त्यात नीट शिरत नाही, आणि दोनदा औषध बदलूनही अण्णांची जखम न भरण्याचं हे एक कारण असू शकतं. अर्धवट प्रमाणात तेल जात राहिलं तर जंतू तगून राहण्याची आपली यंत्रणा चालू करतात, आणि मग काही अँटिबायोटिक्सनाही ते जास्त चिवटपणे तोंड देतात. टी-ट्रीच्या बाबतीत प्रयोगशाळेत हे दिसलेलं आहे.

मग तेल कुठंच कामाचं नाही का? आहे ना. दाताच्या डॉक्टरांकडे युजेनॉल आणि झिंक ऑक्साइडचं तात्पुरतं सिमेंट कित्येक पिढ्या चालत आलंय. गुळण्यांच्या औषधांत थायमॉल असतं. आपल्याकडं घरोघरी असायची ती अमृतधारा म्हणजे कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल. तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घातले की आपोआप पाणी होतं, ते बघायला लहानपणी आम्ही आजीभोवती गोळा व्हायचो. ते ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल. पहिल्या महायुद्धाच्या आधी भारतातून ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा आणि तिथं त्याचं थायमॉल निघायचं. कोंबड्यांच्या खाद्यात अँटिबायोटिकऐवजी थायमॉल, कार्व्हाक्रॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड घालण्यावर बरंच काम झालंय, आणि मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त आशा तिथं वाटते. जनावराला लागणारं अँटिबायोटिक वाचलं तर ते माणसासाठी उरतं. २०१९ मध्ये आपल्या सरकारनं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांच्या खाद्यात वापरायला बंदी घातली, तीही यासाठीच.

एमआरएसएवर माणसांमध्ये चाचणीही झालीय. २००४ साली इंग्लंडमधली एक प्रसिद्ध झाली, दोनशेहून जास्त रुग्ण, ज्यांच्या नाकात किंवा कातडीवर एमआरएसए वस्तीला होता. निम्म्यांना नाकात टी-ट्रीची १० टक्क्यांची क्रीम आणि अंगाला ५ टक्क्यांचा वॉश, निम्म्यांना नाकात नेहमीचं मुपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम वगैरे. तेलवाल्यांत ४१ टक्के लोक जंतुमुक्त झाले, नेहमीच्या उपचारात ४९ टक्के. नुसतं नाक बघितलं तर तेल ४७ टक्के आणि मुपिरोसिन ७८. तेलानं अगदीच काही केलं नाही असं नाही, हे मी मोकळेपणानं सांगते. पण ती तयार केलेली, मोजून पातळ केलेली क्रीम होती, बाटलीतलं निखळ तेल नव्हतं.

तुमच्या बाटलीबद्दल. ‘१०० टक्के शुद्ध’ असं छापलंय म्हणता. घरी एवढं करून बघा: टीपकागदावर किंवा साध्या पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. सुगंधी तेल बहुतांशी उडून जातं. सकाळी भजी ठेवल्यासारखा तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल किंवा पॅराफिन मिसळलंय. दुसरं, पाण्याच्या ग्लासात थेंब सोडा. लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं, तळाला जातं. तरंगत राहिलं तर ते निखळ लवंग तेल नाही. दोन्हींत पास झालं म्हणून शुद्ध ठरत नाही, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी, लागते. आणि शुद्ध असलं तरी प्रत्येक माल सारखा नसतो. ओव्याच्या तेलाचंच घ्या: पीक कुठलं, कापणी कधीची, यावर थायमॉल एका मालात ३५ टक्के तर दुसऱ्यात ६० असं भरतं. डॉक्टर ५०० मिलिग्रॅमची गोळी लिहितात तेव्हा ती ५०० चीच असते, या खात्रीची किंमत आपल्याला ती नसते तेव्हा कळते. हल्ली आपल्याकडं काही शेतकरी गवती चहा, जिरेनियम लावून स्वतः भट्टी चालवतात. त्यांच्या तेलाला साबणात, अत्तरात चांगला उपयोग आहे. त्यांनी ते औषध म्हणून विकू नये एवढंच माझं म्हणणं.

आता अण्णांचा रिपोर्ट. तुम्ही ‘आर’ मोजत बसलात. ‘एस’ शोधा. रिपोर्टच्या फोटोत मला डॉक्सिसायक्लिन, कोट्रायमोक्सॅझोल, लिनेझोलिड, व्हँकोमायसिन यांच्यापुढे ‘एस’ दिसतंय. चार दारं उघडी आहेत! एमआरएसए म्हणजे ‘औषधच नाही’ असा तुमचा समज झालाय, तो काढून टाका. यातलं कोणतं द्यायचं ते अण्णांची किडनी आणि जखमेची खोली बघून डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्याला रिपोर्ट दाखवून स्वतः लिनेझोलिड आणू नका. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ती शोभेसाठी नाही. ते दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर रक्तपेशी मोजत राहाव्या लागतात, आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना त्यानं साखर एकदम खाली जाऊ शकते. क्लिंडामायसिनपुढेही ‘एस’ आहे, पण एरिथ्रोमायसिनपुढे ‘आर’ आहे. अशा वेळी लॅबला ‘डी-टेस्ट केली का’ एवढं विचारा. त्या चाचणीत गोल एका बाजूनं चपटा, इंग्रजी डी अक्षरासारखा आला तर क्लिंडामायसिनवर भरवसा ठेवता येत नाही.

नमुना कसा घेतला होता? वरवर कापसाची काडी फिरवून घेतला असेल तर कातडीवर बसलेले जंतूही रिपोर्टात येतात. जखम साफ करून, मेलेलं मांस काढून, खालच्या जिवंत थरातला बारीक तुकडा पाठवला तर खरा गुन्हेगार सापडतो. पाच आठवडे झालेत आणि जखम हाडाजवळ आहे, म्हणून पायाचा एक्स-रे झाला नसेल तर मागून घ्या. सर्जन सळईनं हाड लागतंय का तेही बघतील. हाडात पू शिरला असेल तर औषध काही आठवडे चालतं, सात दिवसांच्या कोर्सनं भागत नाही. पायाचे ठोके लागतात का, रक्तपुरवठा आहे का, हे बघायलाच हवं, कारण रक्त पोहोचत नसेल तिथं औषधही पोहोचत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा. आणि त्या पायावर भार देणं बंद. तुम्ही लिहिलंत, ‘अण्णा ऐकत नाहीत, सकाळी रानात जातातच.’ मला वाटतं जखम न भरण्यामागं जंतूपेक्षा हे मोठं कारण असावं. चालताना प्रत्येक पावलाला ती जखम चेपली जाते. त्यांना समोर बसवून सांगा, की दोन महिने रान तुम्ही बघाल.

अंगठा काळा पडला, लाली घोट्याकडे चढली, थंडी वाजून ताप आला, किंवा दाबल्यावर कातडीखाली कुरकुर वाजलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढा.

घरात ड्रेसिंग करणाऱ्यानं आधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत, अण्णांचा टॉवेल वेगळा ठेवावा, पट्ट्या उकिरड्यावर न टाकता पिशवीत बांधून दवाखान्यात द्याव्यात.

भाचीला माझा निरोप द्या. प्रयोग चांगला आहे, सोडू नकोस. तेल ट्वीन-८० मध्ये (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) नीट कालवून घे, नुसत्या ट्वीनची चकतीही ठेव, तेल न लावलेल्या प्लेटा दुसऱ्या कप्प्यात नव्हे तर दुसऱ्या डब्यात ठेव. चकती सोडून नळ्यांमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत जा आणि कितव्या नळीपर्यंत पाणी नितळ राहतं ते लिही. मग तीच मालिका पुन्हा लाव, पण या वेळी प्रत्येक नळीत थोडं सिरम (रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग) घाल. तेल गढुळतंच, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस, प्रत्येक नळीतला थेंब प्लेटवर फिरव. किती नळ्या मागं सरकावं लागलं ते तिनं स्वतः मोजलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर ती माझ्यापेक्षा चांगलं देईल. आकडे आले की मला पाठवा, मला बघायचेत.

आणि तेलाची बाटली फेकू नका. सर्जनकडे जाताना रिपोर्टबरोबर तीही न्या आणि तेल लावलं असेल तर किती दिवस, किती थेंब लावलं ते लपवून न ठेवता सांगा. जखमेच्या कडा पांढऱ्या दिसल्या तर त्या कशानं झाल्या हे त्यांना लगेच उमगेल.